माझ्याकडे तर चालतंय

अण्णा, तुम्ही असता तर आज तुमच्यावरच खेकसले असते, दुसरं कुणी हाताशी नाही म्हणून. आठवडाभर या कंपायलरनं माझं डोकं उठवलंय. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला चालवता येईल अशा फाइलमध्ये बदलायचा, एवढंच त्याचं काम. आजवर तो माझ्या लॅपटॉपवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमपुरताच फाइल करून द्यायचा. आता इथे मिरजेत बसून दुसऱ्या सिस्टिमसाठीही ती बनवता यावी म्हणून मी त्यात बदल करतेय. दहिवडीकडच्या एका शाळेतली मुलं प्रोग्रॅम लिहितात, पण त्यांचे कॉम्प्युटर इतके जुने की त्यांना कंपायलर झेपत नाही. म्हणून फाइल मी करून पाठवते. शनिवारी पालकांना दाखवायचंय आणि रोज त्यांच्या बाईंचा फोन: "मॅडम, आजबी न्हाई उघडलं ओ. पोरं लय हिरमुसल्यात." माझं उत्तर ठरलेलं, "तोच प्रोग्रॅम माझ्याकडे तर चालतोय." काल तर "तुमचीच मशीन बिघडली असेल" म्हणून त्यांना ठणकावलं.

आज दुपारी चूक सापडली. फाइल कुठे चालणार हे बघायचं सोडून कंपायलर एका ठिकाणी आपण स्वतः कुठे चालतोय तेच बघत होता. ती ओळ मीच लिहिलेली, मोठ्या ऐटीत. कपाळावर हात मारून घेतला आणि तो तंबोरा आठवला.

कराडच्या कॉलेजातून मी सुट्टीला आलेय, तुमच्या तंबोऱ्यांच्या दुकानात हाताखाली बसलेय. तुम्ही गाणाऱ्याचा सूर खडूनं भोपळ्यावर लिहिता आणि त्या सुरात तारा लावल्याशिवाय घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, कानस लावू देत नाही. तुम्ही जेवायला गेलात, तेवढ्यात मी खडूकडे न बघता तारा माझ्या सुरात लावल्या आणि घोडी घासून जवारी, म्हणजे तारांचा तो घुमारा, काढून मोकळी झाले. काय घुमला होता तो! संध्याकाळी गाणाऱ्या बाई आल्या, त्यांनी आपल्या काळी पाचच्या उंच पट्टीला तारा चढवल्या आणि आवाज पार बसला. "मघाशी छान वाजत होता," मी त्यांनाच ऐकवलं. तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात, "आगं, तुला छान वाजून काय उपेग? गानार त्या हायत." मी चपला घातल्या आणि निघाले. पुन्हा दुकानाची पायरी चढले नाही. अभ्यासामुळे वेळ होत नाही, असं सगळ्यांना सांगायचे. कसला अभ्यास! तुम्हीही काही कमी नव्हता. मला सरळ हाक मारायची सोडून आईकडे निरोप: "तिला म्हणावं, नव्या घोड्या आल्यात." दीड वर्षानं तुम्ही गेलात.

सुधारलेली फाइल मघाशी पाठवली. ती उघडली, फोनवर पोरांचा गलका ऐकू आला. मग शाळेतल्या बाईंना म्हटलं, चूक माझी होती, तुमच्या मशीनची नाही.

"व्हय का? असू द्या की," त्या म्हणाल्या आणि पोरांकडे वळल्या.

झालं, एवढंच. आणि मला वाटायचं, असं म्हणताना जीव जाईल. हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. तंबोऱ्याची चूक माझी होती, अण्णा. ते मला चपला घालतानाच कळलं होतं, आणि नंतर दीड वर्ष तुम्ही घरापासून दहा मिनिटांवर दुकानात बसलेले होतात.