पाहुण्यांच्या खुर्चीची दुरुस्ती

दि. ३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडते. तू धाकट्याकडे राहायला गेलीस. शेजारणीकडून किल्ली घेऊन मी तुझ्या बैठकीतली पाहुण्यांची खुर्ची माझ्या घरी आणली. काळवंडलेले पॉलिश खरवडले, तेव्हा खाली मधाच्या रंगाचे सागवान निघाले. डुगडुगणारे सांधे सरस घालून आवळले. गादी उसवली, तर आत काथ्याचा भुगा आणि डावीकडे एक मोडकी स्प्रिंग, टोक वर करून बसलेली. इतकी वर्षे हे कोणाच्याही लक्षात येऊ नये याचे नवल वाटले. मग घर आपलेच आहे हे आठवले आणि नवल ओसरले. नवे पट्टे ताणून नव्या स्प्रिंगा सुतळीने बांधल्या, वर हिरवे रेघांचे कापड चढवले. गादीवरची रेघ पाठीवर चढताना कुठेही तुटत नाही. एवढ्या खटाटोपात कारागीरही सहसा पडत नाहीत.

काल खुर्ची जागेवर नेऊन ठेवली. ही तुला वाढदिवसाची भेट. अभिप्राय सविस्तर कळवावा. धाकट्यासारखे नुसते ‘छान’ म्हणून भागवू नये.

लोभ आहेच, खुर्ची पाहून तो दुणावेल.

तुझी थोरली

दि. ९ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची पाहिली. इतकी देखणी झाली आहे की बाकीचं घर तिच्यापुढे ओशाळलं. तुझ्या हाताला तोड नाही, हे लेखी देते. आता रागावू नकोस. ती स्प्रिंग मला माहीत होती. तुझे बाबा एकदा ती काढायला बसले, तर मी पक्कडच लपवली होती.

वरच्या मजल्यावरचे जज्जसाहेब निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी येतात. माणूस सज्जन, पण जुना खटला सांगायला घेतला की दोन्ही बाजूंचे वकील तेच आणि साक्षीदारही तेच. पूर्वी पहिला साक्षीदार उभा राहीपर्यंत ते चुळबुळायला लागायचे आणि कंबर धरून उठायचे. काल मात्र निकाल लागला, अपील झालं आणि अपिलातच त्यांचा डोळा लागला. जाताना म्हणाले की आता संध्याकाळीही येत जाईन.

मला दुपार हवी आहे गं. संसारात राहून गेलेल्या पदवीची शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू शिकवायला आली असतीस. स्प्रिंग परत बसव.

लोभ ठेव, राग सोड.

तुझी आई

दि. १३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परीक्षेचे वाचून ऊर भरून आला. अभ्यासक्रम ताबडतोब पाठवावा; पाठ्यपुस्तकांतील चुका मी खूण करून देईन. दुसऱ्या मागणीबाबत मात्र क्षमस्व. जाणूनबुजून वाईट काम मी आयुष्यात केलेले नाही. जज्जसाहेबांना अभ्यासाचे स्पष्ट सांगावे. सुसंस्कृत माणूस आहे, समजून घेईल.

लोभ असावा, पण त्यापायी माझी तत्त्वे मोडायला लावू नयेत.

तुझी थोरली

दि. १८ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की आता ते मला राज्यघटना शिकवणार आहेत, रोज. घटना माझ्या अभ्यासात नाही म्हटलं, तर ते यालाच अन्याय म्हणाले आणि त्यावर तासभर बोलले.

वाईट काम मागतंय कोण? दिसायला राजेशाही पण बसू न देणारी खुर्ची करायला जास्त अक्कल लागते. तुला जमणार नसेल तर तसं सांग. कोपऱ्यावरच्या गादीवाल्याला बोलावते. तो बिघडवतो, पण मन लावून बिघडवतो.

लोभ आहे, वेळ नाही.

तुझी आई

दि. २४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गादीवाल्याचा उल्लेख अनावश्यक होता.

मी पाठवलेला टेम्पोवाला खुर्ची घेऊन आला त्याच दिवशी काम हाती घेतले, आज ते संपले. कापड, रेघा, पॉलिश जसेच्या तसे आहे. मोडकी स्प्रिंग मी पुन्हा बसवली नाही. तिच्या टोचण्यात शिस्त नव्हती. नवी स्प्रिंग वाकवून अशी बांधली आहे की पाहुण्याचा पहिला चहा सुखाने होईल, पण दुसऱ्याची इच्छा उरणार नाही. उद्या टेम्पो येईल. जज्जसाहेबांना आदराने बसवावे आणि अभ्यासाला लागावे.

परीक्षण म्हणून मी स्वतः बसून पाहिले आणि ती टोच मला ओळखीची वाटली. मी तुझ्याकडे आले की इथे वारा छान येतो म्हणून तू मला याच खुर्चीत बसवायचीस. मी लवकर निघायचे आणि घरी येऊन कंबर शेकताना बसच्या धक्क्यांना दोष द्यायचे. धाकटा मात्र आला की खुशाल पलंगावर लोळतो. त्याला वारा लागत नाही काय?

अभ्यासात व्यत्यय नको, म्हणून परीक्षेपर्यंत थांबते. शेवटचा पेपर देऊन घरी आलीस की याचा खुलासा करावा. तोंडी चालणार नाही, फोनवर तर नाहीच. लेखी, मुद्देसूद आणि सहीनिशी.

लोभाविषयीचे वाक्य तुझे उत्तर वाचून लिहीन.

तुझी थोरली