मारितची उन्हाळी चाकं

२ मार्च
सकाळपासून चार तास घासतोय, चकाकी नाही! मारितच्या गाडीची उन्हाळी चाकं. ऑक्टोबरमध्ये इथं गॅरेजात ठेवून गेली, बर्फावर न घसरणारी हिवाळ्याची खिळेवाली बसवून. स्वतःच बसवली. मी नुसता शेजारी उभा. कॉफी न पिता गेली पोरगी.

चूक माझी. निदान इथं तरी लिहितो. ती म्हणाली, "पप्पा, हे घर विका, सुंड्सवालला माझ्याजवळ या." आणि मी— "आई आजारी होती तेव्हा वेळ नव्हता तुला. आता माझी काळजी कुठून उपटली?" तिनं शेवटचा बोल्ट आवळला, गाडीत बसली. पाच महिने झाले. नाताळला कार्ड आलं. दोन ओळी.

पण पंधरा एप्रिलनंतर खिळ्यांचे टायर रस्त्यावर चालत नाहीत. कायदाच आहे. यावंच लागेल तिला.

४ मार्च
ब्रेकची काळी भुकटी धुतली. डब्यातली पॉलिशची पेस्ट लावली, लोकरी मोज्यानं घासलं. चाक स्वच्छ, पण मंद. माझ्या जुन्या मोपेडचं ॲल्युमिनियम घासलं की आरसा व्हायचं! शाळेत सहाच वर्षं गेलो, पण घासणं मला येतं. येत होतं.

७ मार्च
हिल्डिंग आला. शेजारी— लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं माझ्याच पाळीला होता. बघून खो खो हसला. "अरे म्हाताऱ्या, तू लॅकर घासतोयस! खिडकीची काच पुसून आतलं कपाट स्वच्छ होतं का?"

हल्ली कारखान्यातूनच वर पारदर्शक लॅकर मारलेला असतो म्हणे. म्हणजे पाच दिवस मी धातूला हातच लावला नाही.

"तुझी बायको असती तर पहिल्याच दिवशी ओरडली असती," म्हणाला. असती तर ओरडलीच असती. कॉफी प्यायलो दोघं.

११ मार्च
रंग काढायचं औषध लावलं. दार सताड उघडं, बाहेर उणे सहा. लॅकर सुरकुतला, सायीसारखा. पहिलं चाक उघडं पडलं आणि मग सुचलं— तिला न विचारता तिची वस्तू सोलली मी! रागावली तर? आधीच रागावलेली आहे. आता अजून.

पण एक सोलल्यावर बाकीची तीन कशी ठेवणार? सोलली.

१४ मार्च
टायरच्या कडेला चिकटपट्टी. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर— चारशे नंबर, सहाशे, आठशे, बाराशे. घाईत आठशे गाळला. ओरखडे राहिले. पुन्हा चारशेपासून! नंतर पेस्ट. फडकं काळं. दुसरं फडकं, तेही काळं. पुसावं तितकं काळंच निघतं. आणि मग केव्हातरी थांबतं, आणि त्यात माझं नाक दिसतं.

१९ मार्च
फोन करायला घेतला. वाजायच्या आत ठेवला.

२५ मार्च
वॅफलचा सण— आज घरोघरी साच्यात वॅफल भाजतात. सहा केल्या, दोन खाल्ल्या. मारित लहानपणी साच्यातली गरम वॅफल हातावर झेलायची आणि नाचायची. तिची आई ओरडायची, "बशी घे, बशी!" आज बशीच होती फक्त.

दोन चाकं झाली. अंगठ्याची साल गेली.

३० मार्च
हिल्डिंग म्हणतो, "चारही झाली की माझ्याकडे आण. नवा लॅकर मारून देतो. मग पाच वर्षं बघायला नको."

"आणि नाही मारला तर?"

"पाऊस, धूळ— काळवंडतील. दर महिन्याला हात फिरवत बसावं लागेल."

दर महिन्याला!

३१ मार्च
हिल्डिंगला सांगून आलो— लॅकर नको. उघडं ॲल्युमिनियम छान दिसतं म्हणालो. "डोकं फिरलंय तुझं," म्हणाला. खोटं बोललो त्याच्याशी. दर महिन्याला हात फिरवायचा तर गाडी इथं आणावी लागणार. मे, जून, जुलै, ऑगस्ट... कॅलेंडरसमोर उभा राहून मोजले. मग लाज वाटली. पोटच्या पोरीला सापळा लावतो का कोणी?

तरी परत जाऊन हिल्डिंगला हो म्हणालो नाही.

८ एप्रिल
मेसेज आला! "शनिवारी येते. चाकं बदलून लगेच निघेन."

लगेच.

११ एप्रिल
चौथं चाक काल संपलं. आज दालचिनीचे बन भाजले. खालून करपले. खालचा भाग कापून टाकला, आता बुटके दिसतात. चाकांवर चादर टाकली— मढी झाकल्यासारखं वाटलं. काढली. काय बोलू तिच्याशी? हवेबद्दल?

१२ एप्रिल
आली. बारीक झाली आहे. चाकांपाशी बसली, बोट फिरवलं.

"किती दिवस लागले?"

"मार्चपासून."

"वरचा लॅकर?"

"काढला. नवा मारता आला असता. हिल्डिंग फुकट देत होता." मी म्हणालो. "नको म्हणालो मी. दर महिन्याला घासावी लागतील म्हणजे तू येशील, म्हणून."

बोलून टाकलं! तिनं मान वर केली. मी म्हणालो, "आणि आईबद्दल मी जे बोललो—"

"पुरे, पप्पा. पाना द्या."

ती बोल्ट काढायची, मी डब्यात ठेवायचो. कॉफी प्यायली, पण उभ्यानंच. बुटके बन दोन खाल्ले. "हे काय, बिस्किटं केलीत?" म्हणाली. थोडी हसली असेल, मला नीट दिसलं नाही. मग गेली. वळणावर चारही चाकं लखलखली.

महिन्याचं काहीच बोलली नाही. सांगायलाच नको होतं.

१३ एप्रिल
सकाळी तिचा फोन. "दर महिन्याला मी येणार नाही." वाटलं, संपलं. "तुम्ही यायचं. पहिल्या शनिवारी नऊची बस. दोन दिवस राहायचं. पप्पा, मला इथं येऊन सहा वर्षं झाली— माझं घर तुम्ही एकदा तरी बघितलंत का?"

नाही बघितलं.

पेस्टचा डबा बसमध्ये नेऊ देतात का? आणि पायजमा कुठला न्यावा?