बाबा, तुमचं काम मी डॉक्टरांना सांगितलं नाही

वसई

प्रिय बाबा,

उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होईल. माणसं जेवायला येतील, "मुलीनं फार केलं हो बापाचं" म्हणतील. त्याआधी हे तुम्हालाच सांगायचं आहे.

आपल्या डॉक्टरांनी तुमचा एक्स-रे उजेडासमोर धरला होता, आठवतं? दोन्ही फुफ्फुसांत वरच्या बाजूला पांढरे ठिपके. "काम काय करतात?" त्यांनी विचारलं. तुम्ही तोंड उघडलंत आणि मीच मध्ये बोलले, "आमची केळीची वाडी आहे."

खोटं नव्हतं ते. पण वाडी आईनं सांभाळली! तुम्ही वीस वर्षं खडीच्या क्रशरवर होतात. मी शाळेतली बाई, डॉक्टरांची मुलगी माझ्याच वर्गात. मला लाज वाटली, बाबा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि गप्प बसलात. का बसलात?

टीबी ठरला. दीड वर्ष तेच उपचार. महिनोन्‌महिने रोज सुई. ताट वेगळं, पेला वेगळा. रविवारी आम्ही शेजारी टीव्हीवर सिनेमा बघायला जायचो, तुम्ही एकटे ओट्यावर. माझी मीनू तुमच्याकडे धावली की मी तिला दंडाला धरून मागे खेचायची. एकदा तुम्ही म्हणालात, "पोरी, तिला ओढू नको. मीच आत जातो."

थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत, दम मात्र वाढत गेला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत.

"खडी फोडायच्या मशिनीवर होतो, साहेब. वीस वर्सं. धुळीत मानूस दिसायचा नाय."

त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. "ठिपके टीबीसारखेच दिसतात. पण ही दगडाची धूळ आहे, आत बसलेली. ती निघत नाही. आणि कुणाला लागतही नाही."

घरी येताच मी मीनूला म्हटलं, "जा, आजोबांच्या मांडीवर बस." ती दारात थबकली. "नको, मला खोकला होईल."

"असू दे, तिथूनच बोल," तुम्ही हसलात. शेवटपर्यंत ती दारातूनच बोलली.

खरं सांगितलं असतं तरी तुम्ही वाचला नसतात, कळतं मला. पण ते दीड वर्ष तरी तुमच्याजवळ बसलो असतो ना!

परवा तुमच्या क्रशरवरचे शांतारामकाका भेटले. त्यांनाही खोकला, हातात एक्स-रे. म्हणाले, "पोरगा बँकेत हाय. तो बोलतो, क्रशरचं सांगू नको."

सोमवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. शब्द देते, डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगेन: हे क्रशरवर होते. माझे वडीलही होते.

तुमची,
रेवती