गेलं ते

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज परत ब्रेक दाबला. गाडी नम्रता चालवत होती, मी शेजारी! कर्वे रोडला एक बस आडवी आली आणि माझे दोन्ही पाय खालच्या मॅटवर गच्च. नम्रता हसली. "बायकोच्या ड्रायव्हिंगवर विश्वास नाही वाटतं." मीही हसलो.

तिला सांगितलंय की रजा साठली होती, कंपनीने घ्यायला लावली. तिने लगेच विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत खोटं बोललो नव्हतो ना, म्हणून.

१३ ऑगस्ट

एकदाचं लिहूनच टाकतो.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. गाव लिहीत नाही. आधीच उशीर झालेला, विमान भरलेलं, आम्ही धावपट्टीच्या तोंडाशी, थांबायच्या रेषेच्या अलीकडे. टॉवरने सांगितलं, उतरणारं विमान पुढून गेलं की मग आत या. प्रियदर्शनीने ते रेडिओवर जसंच्या तसं परत म्हटलं. ती को-पायलट. यवतमाळची, नवीनच आहे. तेवढ्यात एक विमान उतरून समोरून गेलं. मी ब्रेक सोडले.

ती म्हणाली, "सर, हे नाही. अजून एक यायचंय."

मी म्हणालो, "गेलं ते."

आणि रेषा ओलांडली.

मग टॉवरचा ओरडा. ब्रेक मारले तोवर आमचं नाक धावपट्टीत! ते दुसरं विमान अगदी टेकायच्या बेतात होतं. त्यांनी ते तसंच वर उचललं. आमच्या डोक्यावरून गेलं. चाकं दिसली मला — खालून.

नंतर माइक घेऊन प्रवाशांना म्हणालो, तांत्रिक कारणामुळे परत जावं लागत आहे, दिलगीर आहोत. आवाज काय शांत! त्या आवाजाचीच शिसारी येते आता. तांत्रिक कारण म्हणजे मी.

दोघांनाही उड्डाणावरून काढलंय. चौकशी होईपर्यंत घरी.

१५ ऑगस्ट

सोसायटीचं झेंडावंदन. दरवर्षी चार शब्द बोलायला मलाच उभं करतात. नाही म्हणायचं ठरवून खाली गेलो, आणि बोललो! शिस्तीवर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जिलबी खाताना पहिल्या मजल्यावरचे श्रीधर काका म्हणाले, "काय कॅप्टन, विमानं संपली का? बरेच दिवस जमिनीवर दिसताय." सगळे हसले. नम्रता माझ्या वतीने म्हणाली, "रजा होती हो काका त्याची."

उरलेली जिलबी बशीत तशीच ठेवून वर आलो.

१६ ऑगस्ट

दिवसभर आडवा. नम्रताला सांगितलं, पोट बिघडलंय.

१८ ऑगस्ट

प्रियदर्शनीचा फोन आला होता. मी उचलायलाच नको होता.

"सर, मला लेखी द्यायचंय उद्या. काय लिहू?"

"जे आठवतं ते लिही." इथे थांबलो असतो तर! पण नाही. पुढे म्हणालो, "पण नीट आठव हं. रेडिओवर केवढी गडबड होती. तू मला ते आधी बोललीस, की टॉवर ओरडल्यावर? अशा वेळी मागचं-पुढचं होतं डोक्यात."

ती म्हणाली, "हो सर. होऊ शकतं."

माझा आवाज तेव्हाही शांतच होता. माइकवरचाच.

१९ ऑगस्ट

शी.

२१ ऑगस्ट

इंद्रजीत भेटला. माझ्याच बॅचचा. असं काही घडलं की कंपनी एका वैमानिकाला दुसऱ्या वैमानिकाशी बोलायला देते, ते काम तो करतो. खडकी स्टेशनजवळ चहा प्यालो. मी त्याला सगळं सांगितलं — उशीर, ऊन, टॉवरवाल्याचे उच्चार, आधीच्या रात्रीची अपुरी झोप. तो ऐकत राहिला.

"अवध्या, एवढं सगळं तू मला सांगितलंस. त्या पोरीचं नाव एकदाही घेतलं नाहीस."

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. त्याने हात धरून खाली बसवलं. म्हणाला, "मीही एकदा असाच बसलो होतो. आपल्याला वाटतं, नोकरीची भीती वाटतेय. ती नसते रे. आपण चांगले आहोत असं इतकी वर्षं वाटत असतं, ते जातं. त्याला घाबरतो आपण."

मग त्याला तो फोनही सांगितला. त्याने समजूत वगैरे काढली नाही. "आधी घरी सांग. मग तिच्याकडे जा. चौकशीच्या आधी जा."

२३ ऑगस्ट

नम्रताला सांगितलं. स्वयंपाकघरात ती भाजी निवडत होती, मी दारात उभा. बसायचं धाडसच झालं नाही. चाकांचं ऐकून तिने हातातली मेथी खाली ठेवली. माझ्याजवळ आली, दंडाला हात लावून बघितलं — मी खरंच आहे की नाही, तसं.

मग फोनचं सांगितलं. तिचा हात निघाला.

"चूक झाली ते समजू शकते मी. पण तिला तू खोटं पाडलंस? आपली मुलगी असती तर?"

आणि थोड्या वेळाने, "मला इतके दिवस वाटत होतं, माझंच काही चुकलंय. म्हणून बोलत नाहीयेस."

हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

विमाननगरला गेलो. प्रियदर्शनी एका मैत्रिणीबरोबर फ्लॅटमध्ये राहते. दार उघडून ती एकदम सावरून उभी राहिली, युनिफॉर्ममध्ये असल्यासारखी. "सर, तुम्ही? या ना." घरच्या कपड्यांत किती लहान दिसते!

मी सरळ म्हणालो, "तू आधीच बोलली होतीस. मी ऐकलं नाही. फोनवर बोललो ते नीचपणाचं होतं. माफ कर मला."

तिने पाणी आणून दिलं. समोर बसली. मी वाट बघत होतो की चिडेल, रडेल. ती म्हणाली, "सर, मी लिहून दिलं. आधी बोलले की नंतर, ते सांगता येत नाही असं."

"अगं, पण तुला माहीत आहे ना?"

"आधी माहीत होतं. आता रोज आठवून बघते. कधी वाटतं बोलले. कधी वाटतं नुसतं मनात म्हटलं." मग हसली, उगाच. "तुम्ही म्हणताय म्हणजे बोललेच असेन."

तुम्ही म्हणताय म्हणजे! माझ्याच सांगण्यावरून विसरली, आणि आता माझ्याच सांगण्यावरून आठवणार.

निघताना तिच्या मैत्रिणीने दार लावलं. जरा जोरातच.

२७ ऑगस्ट

गणपती आले. आरतीला उभा राहिलो. नम्रताने प्रसाद हातावर ठेवला, माझ्याकडे न बघता. पण ठेवला.

३ सप्टेंबर

चौकशी झाली. बसल्याबसल्या मीच सुरुवात केली. ती आधी बोलली, मी ऐकलं नाही, नंतर तिचा फोन आला तेव्हा मीच तिला गोंधळात पाडलं. समोरचे अधिकारी लिहायचे थांबले. "फोनचं आम्ही विचारलेलं नाही, कॅप्टन." मी म्हणालो, "माहीत आहे."

मग कॉकपिटचं रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज — "सर, हे नाही. अजून एक यायचंय." स्वच्छ. घंटेसारखा. माझं "गेलं ते." आणि पुढे जे मला अजिबात आठवत नव्हतं! ती पुन्हा म्हणते, "सर, प्लीज थांबा." आणि मी हसतो. हसतो! "घाबरतेस काय गं?"

त्यानंतर ती काहीच बोलत नाही. मग टॉवर.

त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. खोलीत कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हलकं वाटेल.

५ सप्टेंबर

तिला कळवलं. "तू दोनदा बोलली होतीस. रेकॉर्डिंगमध्ये आहे." उत्तर आलं, "थँक यू सर." आभार माझे!

१६ सप्टेंबर

निकाल आला. काही महिने निलंबन, मग पुन्हा प्रशिक्षण, मग परीक्षा. कमीच वाटलं. प्रियदर्शनीवर काही ठपका नाही. सिम्युलेटरमध्ये एक तपासणी दिली की ती लगेच उडायला मोकळी. नम्रताला सांगितलं. ती म्हणाली, "चला, त्या मुलीचं तरी नीट झालं." आज बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकत्र जेवलो. श्रीधर काकांनाही जिन्यात थांबवून खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "होतं हो." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रियदर्शनीचा फोन. ती तपासणीत नापास झाली. परीक्षकाने मुद्दाम थांबायची रेषा ओलांडली, ती अडवते का बघायला. तिने अडवलं नाही.

मी विचारलं, "दिसलं नाही का तुला?"

"दिसलं ना सर. पण वाटलं, त्यांना माहीत असेल."