दाराखालच्या दोन पट्ट्या

४ मार्च, मंगळवार

परत भयपट माझ्याच गळ्यात! भूत नाहीच म्हणे यात — ‘मानसिक’ आहे. स्टुडिओच्या हेडबाई म्हणाल्या, “तुम्ही शांत डोक्याचे, तुम्हीच करा.” म्हणजे बाकीच्यांनी अंग काढून घेतलं.

एकशे चार मिनिटं. संवाद थोडे, मोकळ्या जागा भरपूर. आमच्या धंद्यात ही चैनच. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचं सांगायचं, तेही पात्रं गप्प असतील तेवढ्याच सेकंदांत बसवून. एरवी चार शब्दांपुरती जागा मिळाली तरी देव पावला म्हणायचं. इथे माणसं बोलतच नाहीत. नुसती एकमेकांकडे बघत बसतात. वीस मिनिटं पाहून उठलो.

५ मार्च, बुधवार

पूर्ण पाहिला. डोकं जड झालंय.

आई, बाप, मुलगी. वरच्या मजल्यावर मुलाची खोली, दार कायम बंद. आई रोज ताट वाढून दाराबाहेर ठेवते. ते कधी रिकामं सापडतं, कधी तसंच. बाप म्हणतो, तो कधीच निघून गेला. मुलगी काहीच म्हणत नाही. आणि रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची जास्त! बाप ती तोडतो, जाळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. छतावर एक ओला डाग, तो वाढत जातो.

शेवट असा: आई दारासमोर उभी. दाराखालच्या फटीतून उजेड येतोय. त्या उजेडात दोन काळ्या पट्ट्या. अकरा सेकंद तेवढंच. मग अंधार, नावं.

पलीकडे मुलगा उभा आहे, की रिकामी खुर्ची? दोन्ही वाटतं. मी तो तुकडा सात वेळा पाहिला. आठव्यांदा चहा घेऊन पाहिला, तरी तेच.

६ मार्च, गुरुवार

चहाच्या वेळी स्टुडिओत परिसंवाद! एडिटर पोरगी म्हणाली, “खुर्ची म्हणजे अपराधाची भावना. बाप ती जाळतो, पण ती जात नाही. आणि डाग म्हणजे दडवलेलं सत्य.” रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “डाग म्हणजे वरचा पाइप गळतोय.” मला त्याचंच पटलं.

हेडबाईंनी दिग्दर्शकाला फोन लावला. शेवटी मुलगा आहे की नाही, एवढं सांगा. तो हसला म्हणे. “ज्याचं त्यानं ठरवावं.” वा! ज्याला दिसतं त्यानं ठरवावं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मी ठरवायचं का? आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय — दिसतं ते सांगा, कळतं ते सांगू नका. बावीस वर्षं त्या पाटीखाली बसतोय मी.

७ मार्च, शुक्रवार

अर्धं लिहून झालं. घरी हिला वाचून दाखवलं, सिनेमा लावून. माझी प्रत्येक संहिता आधी हिच्याकडून तपासून जाते. नवरा-बायकोचा मामला नाही हा, रीतसर नेमणूक आहे हिची. सात वर्षांपूर्वी डोळे गेले, त्यानंतर दोनच महिन्यांत हेडबाईंनी बोलावून घेतलं. स्टुडिओत हिला ‘कान’ म्हणतात. “कानांकडून पास झालं का?” असं विचारतात.

आज तीन चुका काढल्या. एका ठिकाणी मी ‘रागाने बघतो’ लिहिलं होतं. “राग तुम्हाला दिसला का कळला?” निमूटपणे खोडलं.

९ मार्च, रविवार

अकराला चिरंजीवांचा व्हिडिओ फोन. गाडीने नऊ तासांवर एकटा राहतो, घरूनच इमारतींचे नकाशे काढतो. ही फोनच्या अगदी जवळ बसते. बसून काय दिसणार! पण बसते. मग माझ्या दंडाला हात लावून विचारते, “कसा दिसतोय?” दर रविवारचा प्रश्न.

तोच राखाडी सदरा. हा पाचवा रविवार. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. पडदा ओढलेला. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, फोन हातात घेऊन सबंध खोली फिरवून दाखवली. सावकाश. जमिनीवर गादी, कोपऱ्यात खरकट्या भांड्यांचा ढीग, भिंतीशी न उघडलेली खोकी. मग फोन परत स्वतःकडे वळवला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, “अगं, खोली मस्त आवरलीय यानं. गाल बघ कसे भरलेत! हसतोय बघ.” ही हसली. तो “ठेवतो” म्हणाला.

काय करू? हिला सांगून हिची झोप घालवू? सांगून हिला काय करता येणार? सुरुवातीला समोरच्या नव्या इमारतीचं सांगितलं नाही. टेकडी अजून दिसते म्हणालो. डोळे नुकतेच गेले होते, तेवढाच हिला आधार. मग तेच वळण पडलं. झाकली मूठ बरी. आणि एकटी राहणारी पोरं असतातच अशी गबाळी. मी नव्हतो?

११ मार्च, मंगळवार

शेवटच्या अकरा सेकंदांवर दिवस गेला. ‘दोन काळ्या पट्ट्या’ लिहिलं. खोडलं. ऐकणाऱ्याला काय कळणार पट्ट्या म्हणजे? ‘दोन सावल्या’ लिहिलं. तेही खोडलं.

त्या बाईचा चेहरा बघवत नाही. शंभर मिनिटं ताट घेऊन वरखाली करते बिचारी.

शेवटी लिहिलं — ‘दाराखालच्या उजेडात दोन पावलं. पावलं दाराकडे वळतात.’ अकरा सेकंदांत नेमकं बसलं. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१२ मार्च, बुधवार

पकडला गेलो.

हिला शेवट ऐकवला. मग म्हणाली, “पुन्हा लावा.” पुन्हा लावला. “तुमचं वाचन नको, नुसता सिनेमा लावा.” तसाही लावला. मग म्हणते, “पावलं वळली म्हणता. त्या घरातली जमीन लाकडाची आहे. मांजर चाललं तरी करकरते. मग वळताना आवाज कसा नाही आला?”

मी म्हटलं, हळू वळला असेल. “असेल? तुम्हाला दिसला का वळताना?” मी संहितेची पानं चाळली. “पावलं तरी दिसली का?”

नाही म्हणालो.

मला वाटलं चिडेल. चिडली नाही. सिनेमाबद्दलच बोलायला लागली. “मला एक सांगा. ते सगळे खुर्च्या मोजतात, जाळतात, डाग पुसतात. बाई ताट ठेवून वळते. दार कोणी वाजवलं का एकदा तरी? मला तरी ऐकू आलं नाही.”

ही झोपायला गेल्यावर सिनेमा पळवत पळवत सगळा पाहिला. खरंच, कोणीच नाही वाजवलं. त्या एडिटर पोरीच्या खुर्च्या आणि अपराध राहू देत बाजूला, हिनं एका वाक्यात सबंध सिनेमा उलगडून ठेवला. आत कोणी आहे की नाही हे कळण्याचा सोपा उपाय सगळ्यांच्या हाताशी होता. उत्तर नको होतं, म्हणून कोणी वाजवलं नाही. मला हे आठ वेळा पाहून कळलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

ही बोलत नाही. चहा ठेवला, माझ्यापुढे सरकवला, आत गेली.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी रेकॉर्डिंग. शेवट बदलला. ‘दाराखालच्या उजेडात दोन काळ्या पट्ट्या. आई उभी आहे.’ वाचणाऱ्या बाईंनी एका दमात वाचलं. हेडबाई म्हणाल्या, “काय अंगावर येतंय हो हे!” मला तर कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

घरी आलो तर ही खुर्चीत ताठ बसलेली. म्हणाली, “रविवारी म्हणालात, तो हसतोय. हसण्याचा आवाज नाही आला.”

मी चपला काढत होतो. तसाच उभा राहिलो.

“त्याचा आवाज किती दिवस झाले खोल गेलाय. तोंड कोरडं पडलेल्या माणसासारखा बोलतो. मी विचारलं की तुम्ही म्हणता, सर्दी असेल, फोनच खराब आहे. गाल भरलेत. मला माझ्या कानांनी वेगळं सांगितलं होतं. मी माझ्या कानांपेक्षा तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.”

मग म्हणाली, “आता सांगा. दिसतं ते सांगा.”

सांगितलं. सदरा, दाढी, पडदा, गादी, भांडी, खोकी. गळ्याची हाडं दिसतात तेही सांगितलं. कामावर असताना मधे मधे श्वास घ्यायला जागा असते, तीही नव्हती. शेवटी ही एवढंच म्हणाली, “किती महिने?”

“सात-आठ.”

“आणि टेकडी?”

“सहा-सात वर्षांपूर्वीच गेली. समोर इमारत आहे.”

त्यावर ही रडली. पोराचं ऐकून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि टेकडीला रडली! मला आधी कळेना. मग कळलं. रोज सकाळी तोंड करून बसते ना ही खिडकीकडे. मला माझीच शिसारी आली.

१५ मार्च, शनिवार

स्टुडिओतून एडिटर पोरीचा फोन. “सर, मी तुमच्या वर्णनावर पूर्ण सिनेमा ऐकला. डोळे मिटून. शेवटी मला तो गेलेलाच वाटला. तुम्हाला काय वाटतं?” मी म्हटलं, मला काही वाटत नाही. फोन ठेवला. उगाच तोडून बोललो. पोरगी चांगली आहे.

ही आजही कामापुरतंच बोलली. कामापुरतं तरी बोलली.

१६ मार्च, रविवार

अकरा वाजले. ही म्हणाली, “आज तुम्ही काही बोलायचं नाही. मी विचारीन.”

फोन आला नाही. साडेअकराला आम्हीच लावला. वाजून वाजून बंद झाला. बाराला, एकला, तीनला. ही प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकायची. चारला लावला तर वाजेचना.

त्याच्या घरमालकाचा नंबर शोधला. तो म्हणतो, “दिवा जळतो हो रोज. भाडं येतं. मी कशाला दार वाजवू?”

मी म्हटलं, झोपला असेल. तोंडातून गेलंच! ही कपाटाकडे गेली आणि चाचपडत बॅग काढली. मी काढून द्यायला गेलो तर माझा हात बाजूला केला.

१७ मार्च, सोमवार

गाडीत लिहितोय. अक्षर नाचतंय. ही खिडकीशी बसलीय. दर प्रवासात मी बाहेरचं सांगत असतो, शेतं, पूल, स्टेशनं. आज सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. मधेच एकदा म्हणाली, “सिनेमातल्या त्या बाईला दिसत होतं. मला दिसत नव्हतं. एवढाच फरक.”

काल संध्याकाळपासून डोळ्यांपुढे त्या पट्ट्या आहेत. मिटले तरी आहेत, उघडले तरी आहेत. देवा, पावलंच असू देत.

१८ मार्च, मंगळवार

दार मीच वाजवलं. बराच वेळ वाजवलं. उघडलं त्यानं.

ही पुढे झाली. दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, मग मान, खांदे, मनगटं. “काही उरलं नाही रे तुझं,” म्हणाली. तो लहान मुलासारखा उभा होता. म्हणाला, “आई, तुला कोणी सांगितलं?”

“यांनी.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. “म्हणजे बाबा, तुम्हाला दिसत होतं?”