हात वर करा

प्रिय खडूस,

मुलांनी ठेवलेलं हे नाव तू मुख्याध्यापिका झालीस म्हणून मी काही सोडणार नाही. हसू आवरत लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर डोळे वटारू नकोस. आपण जिंकलो गं! लहान शाळा बंद करण्याचं विधेयक सभागृहाने आज फेटाळलं. आपली शाळा वाचली. विधेयक आमच्याच पक्षाचं, आणि पाडलं कोणी, तर तुझ्या या वजाबाकीबाईने.

सकाळपासून नुसता धिंगाणा. बाकं बडवणं काय, कागद भिरकावणं काय. आपला शेवटचा तास परवडला. अध्यक्ष बिचारे 'शांतता, शांतता' करून घसा बसवून बसलेले. मी बोलायला उभी राहिले तर कोणी हिंग लावून विचारेना. आठवतं, नवीन असताना वर्गात ओरडून ओरडून मी रडकुंडीला आले होते, तेव्हा तू दारातून म्हणालीस, 'अगं, ओरडू नकोस. गप्प उभी राहा, मग हळू बोल.' तशीच उभी राहिले. एकेक जण बघायला लागला. आणि सवयीने तोंडून निघून गेलं, 'ज्याला बोलायचंय त्याने हात वर करा.' काय सांगू तुला! विरोधकांचे हात वर, आमच्यातले वर, खुद्द शिक्षणमंत्र्यांचाही वर. अध्यक्षांनी अर्धा नेलेला हात कसाबसा चष्म्याकडे वळवला. सगळे खो खो हसले आणि गप्प झाले.

मग मी हळू आवाजात म्हटलं, ज्यांची पहिली शाळा एकदोन खोल्यांची होती त्यांनी हात तसेच ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या. फार थोडे खाली आले. मंत्र्यांचा वरच राहिला. मतदानात त्यांनी नाइलाजाने सरकारची बाजू घेतली, पण आमच्या बाकांवरचे कितीतरी जण माझ्याकडे आले. बाहेर पक्षाच्या नेत्यांनी गाठून सांगितलं, 'बाई, पुढच्या वेळी तिकीट विसरा.' मी म्हटलं, बरं. आणि कँटीनमध्ये जाऊन दोन कप चहा प्यायले.

निवडणुकीला उभी राहिले तेव्हा तू म्हणालीस, पोरांना वाऱ्यावर सोडून चाललीस. फार लागलं होतं ते. आणि बंद होणाऱ्या शाळांच्या यादीत आपलीही आली तर तू मला चकार शब्दाने कळवलं नाहीस, मानी कुठली! तुझा भाऊ भेटला म्हणून कळलं. रागावले होते तुझ्यावर. त्याच रागाच्या बळावर आज उभी राहिले बघ.

आता मुद्द्याचं. तुझा भाऊ असंही म्हणाला की माझ्या जागी गणिताला कोणी टिकत नाही; बंद पडणाऱ्या शाळेत कोण येणार? आता ती बंद पडणार नाही. माझी आमदारकी वर्षाअखेर संपते. तोवर ती जागा भरू नकोस. हे पत्र म्हणजे माझा अर्ज समज, आणि मुलाखत घेतलीस तर हात वर करूनच बोलेन.

तुझीच,
वजाबाकी