रिकामी चौकट

३ जून
आजपासून आम्ही, अर्थात हा स्थूल देह, एका कलादालनाचे तंत्राधिकारी झालो. मालक आमचाच मेहुणा. म्हणजे पद उपकाराचे, आणि तो उपकार नित्य ऐकण्याच्या बोलीवर.

दर्शनी भिंत अखंड काचेची. प्रक्षेपक तीवर आतून प्रकाश टाकतो. बाहेर पदपथावर कोणी हात उंचावला, की काचेतली त्याची प्रकाशाकृतीही उंचावते. लोक माकडचेष्टा करतात. त्यास कला म्हणतात.

आमचे कर्तव्य एकच. प्रातःकाळी पदपथ निर्मनुष्य असताना काचेच्या आतल्या कोपऱ्यावर तळहात ठेवणे. कॅमेरा ते दृश्य ‘रिकामे’ म्हणून ध्यानात घेतो. त्यात खांब असो वा कचरापेटी, पुढला हात पडेपर्यंत ती वस्तू काचेच्या लेखी नसतेच. कॅमेऱ्याच्या चौकटीची सीमा आम्ही पदपथावर खडूने आखली. डबा घेऊन आलेल्या सौ.ना सर्व सप्रात्यक्षिक शिकवले. त्यांनी जांभई दिली.

७ जून
मेहुणेबुवांनी पाहुण्यांदेखत विचारले, भावोजी, काचेवर हात ठेवणं तरी जमतं ना, की त्यालाही ताईला बोलावू? आम्ही स्मितहास्य केले.

८ जून
प्रभाती मेहुणेबुवा बाहेरून काचेत पाहून भांग पाडत होते. रेषेच्या आत. आम्ही तळहात ठेवला.

दिवसभर सर्वांच्या आकृत्या उमटल्या, त्यांची नाही. ते नाचले, उड्या मारल्या, काच ढिम्म. बघ्यांची हसून पुरेवाट. इतका निर्भेळ आनंद विवाहोत्तर आयुष्यात प्रथमच.

९ जून
रखवालदाराने त्यांना दार उघडले नाही. उद्धटपणा नव्हे, ते त्याला दिसलेच नाहीत. घरी सौ.ना बंधुराजांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, मला भाऊ कधी होता? चेष्टा पुरे, ताट निवतंय.

आम्हांस मात्र ते दिसतात; हात ठेवताना त्यांच्याकडेच पाहत होतो, म्हणून असावे. उपाय सुलभ आहे: ते रेषेबाहेर असताना पुन्हा हात ठेवणे. परंतु त्यांची खुर्ची अत्यंत सुखद आहे.

१३ जून
रोज सकाळी ते विनवण्या करायला काचेशी येतात. रेषेच्या आत. रोज तेव्हाच हात ठेवतो. आज ‘भावोजी’ म्हणताना रडले. आम्ही चहा मागवला.

१४ जून
घात झाला. ते काच नखांनी ओरबाडू लागले, म्हणून हाकलायला बाहेर, रेषेच्या आत गेलो. सौ. आज लवकर आल्या होत्या. मला मदत म्हणून, शिकवल्याबरहुकूम, अगदी अचूक, बाहेर न बघताच – कोपऱ्यावर तळहात –

१५ जून
मला कुणी दार उघडत नाही. सौ. माझ्या खुर्चीत. रखवालदाराला विचारत होती, हा डबा मी कुणासाठी आणते रे? त्यालाही ठाऊक नाही. दोघांनी वाटून खाल्ला.

काचेला तोंड लावून ओरडलो. तिने फडकं घेतलं, काच पुसली. माझ्या तोंडावरूनच.

१६ जून
आता हात ती ठेवते. त्या क्षणी रेषेबाहेर असलो, की सुटलो. मेहुण्याला सांगितलेलं नाही. तो राहू दे आतच.

१७ जून
ती आली. मी रेषेबाहेर. मेहुणाही – बाहेर. त्याला कसं – झोपेत बरळलात, म्हणतो –

धक्का. पडलो, रेषेच्या आत. तो बाहेरच. फक्त त्याचा एक पाय आत – माझ्या पाठीवर –

बघा भावोजी, म्हणतो, ताईला किती छान जमतं –

अगं, थांब, मी इथे – तिचा तळह